सखाराम, तुझी डबी चालत होती

सखाराम, आपल्या मराठी मंडळाच्या लोकांनी तुझ्यावर एक पान लिहून मागितलं आहे. पाडव्याच्या अंकात घालायचं म्हणतात. चिटणीस परवा शाळेत येऊन गेले. तुझा जन्म कधीचा, तुझे आजोबा बोटीनं या बेटावर येऊन उसाच्या कुठल्या मळ्यावर उतरले, मुली कुठे दिल्या, हे सगळं त्यांच्याकडे आहेच. माझ्याकडून त्यांना एक वाक्य हवं आहे, की आपल्या माणसांपैकी ज्याच्या हातची वस्तू रॉकेटवर बसून आकाशात गेली तो हा पहिला. मी हो म्हणालो. मग तीन दिवस वही उघडून बसलो आणि तुझ्या नावापलीकडे काही लिहिता आलं नाही. ते वाक्य खोटं नाही. पण ते लिहिलं की त्याच्या पुढचंही लिहावं लागतं, आणि पुढचं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही.

एक पत्र आहे, जे मी तुला नीट वाचून दाखवलं नाही. आठ वर्षं ते माझ्या कपाटात होतं. तुला नेलं तेव्हाही तिथेच होतं. म्हणून मंडळाचं पान राहू दे, मी हे तुला लिहितो.

तुझं दुकान मला जसं आठवतं तसं आधी लिहितो, कारण त्यातलं आता काही उरलेलं नाही. क्युरपिपच्या बाजारामागे, पत्र्याचं छप्पर, रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी. भिंतीला साखरेच्या मुलेंतून, म्हणजे आपल्या कारखान्यांतून, दुरुस्तीला आलेले दाबाचे काटे ओळीनं टांगलेले. कपाळावर भिंग लावून तू खिडकीशी बसायचास, आणि मागच्या दारात तुझी बायको, आमच्या जना वहिनी, पितळेचे पातळ पत्रे चुलीच्या राखेनं घासत असायच्या. तुझ्या सोल्डरिंगच्या धुरानं त्यांना खोकला यायचा. मग त्या तुला आत येऊन सांगायच्या की माझ्या चुलीचा धूर बरा, त्यावर निदान भात तरी शिजतो.

शाळा सुटली की मी तिथे येऊन बसायचो. तुला इंग्रजी पत्रं लिहिता येत नव्हती आणि मला हातानं काही करता येत नव्हतं, त्यामुळे आपलं चांगलं जमलं. माझी पुस्तकी मराठी ऐकून तू हसायचास. म्हणायचास, मास्तर, तुझी मराठी बोटीतून इस्त्री करून आलेली दिसते, आमची इथल्या पावसात भिजली.

मग एका कूपच्या दिवसांत, ऊसतोडणी ऐन भरात असताना, एका तोडकऱ्यानं तुझ्याकडे पांढरी पेटी आणून दिली. हवामानवाल्यांच्या फुग्याला बांधलेली असते तसली, फाटक्या हवाई छत्रीसकट उसात पडलेली. घड्याळ असेल म्हणून तो विकायला घेऊन आला होता. तू ती उघडलीस. आत एक चपटी धातूची डबी होती, आतली हवा काढून बंद केलेली. हवेचा दाब कमी झाला की ती फुगते, वाढला की बसते. तू ती ओठांत धरून हवा ओढून पाहिलीस आणि ती हलली तसा हसलास. म्हणालास, हा मुलेंचाच काटा आहे, फक्त पोरगेला.

पेटी तू हवामान कचेरीत परत नेऊन दिलीस. तिथल्या एका कारकुनाशी तुझी ओळख झाली ती त्यामुळे. त्यानंच पुढे तुला विलायतेतल्या एका लहानशा कंपनीचा पत्ता दिला. ते लोक वरच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या रॉकेटांसाठी यंत्रं बनवत होते. रॉकेट वर जाऊन खाली यायला लागलं, की ठरलेल्या उंचीवर यंत्रांच्या पेटीची छत्री उघडायला हवी. त्यासाठी त्यांना हलका, स्वस्त आणि न चुकणारा खटका पाहिजे होता. तू तो बनवायचं ठरवलंस. वर जाताना डबी फुगेल, खाली येताना बसेल, आणि बसता बसता चांदीची दोन टोकं एकमेकांना टेकली की छत्री सुटेल. एका आगपेटीत मावेल एवढं सगळं.

मी तुला वेड्यात काढलं. विलायतेत हजार माणसं शिकूनसवरून हेच करत बसली असतील, म्हणालो. तू डबीवरून मान वर न काढता विचारलंस, "त्यांच्याकडे कढई हाय का?"

कढईची गोष्ट मंडळाच्या लोकांना ठाऊक नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवतो. डबी उंचावर कशी वागते हे बघायचं तर जिच्यातली हवा काढता येईल अशी जागा हवी. तशी यंत्रं मोठ्या देशांत असतात. आपल्याकडे साखरेच्या कढया होत्या. रस कमी उष्णतेवर आटवायचा म्हणून या बंद तांब्याच्या कढईतली हवा पंपानं ओढून काढतात. घराएवढी उंच कढई, आत बघायला जाड काचेची भोकं. कूप सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, मुलेंवाले दोन-तीन दिवस बॉयलर पेटवून रिकाम्या कढया तपासतात, कुठून हवा घुसते का ते बघतात. सांत्र द फ्लाकच्या बाजूच्या एका मुलेंचे काटे तू बारा वर्षं नीट ठेवले होतेस. तिथल्या कढईवाल्यानं तुला ते तीन दिवस दिले. वर्षाला तीन दिवस. बाकीचं वर्षभर तू त्या तीन दिवसांसाठी काम करायचास.

मी पहिल्यांदा तुझ्याबरोबर आलो ते अजून डोळ्यांसमोर आहे. तू खटक्याला टॉर्चचा एक लहान दिवा जोडलास, सगळं एका फळीवर बांधलंस आणि कढईत टांगलंस. झाकण बंद झालं. पंप सुरू झाला. मग हळूहळू हवा परत आत सोडायला लागले, आणि तू काचेला डोळा लावून उभा राहिलास. एका हातानं माझी बाही धरली होतीस. आतल्या अंधारात दिवा लागला तेव्हा तू मला ओढून काचेपाशी उभं केलंस आणि माझं डोकं धरून बरोबर जागेवर नेलंस. तांब्याच्या त्या काळ्या पोटात तो एवढासा पिवळा ठिपका होता. काट्यावर बघ, तू म्हणालास. काटा ठरल्या खुणेवर होता. कढईवाला मागून म्हणाला की त्यानं तीस वर्षांत या कढईत साखरेशिवाय काही तयार होताना बघितलं नव्हतं.

त्याच वर्षी रशियानं सोडलेला चंद्र पृथ्वीभोवती फिरायला लागला. पोर्ट लुईत लोक छपरांवर चढले. क्युरपिपला ढगच होते. तू दारात उभा राहून पावसाकडे बघत म्हणालास की आपल्याला वरचं काही दिसत नाही, तेव्हा आपणच तिथे काहीतरी पाठवलेलं बरं. मी हसलो. तू गंमत करत नव्हतास हे मला नंतर समजलं.

पुढच्या मे महिन्यात सहा खटके तयार झाले. तुझी पद्धत ठरलेली होती. आधी पोर्ट लुईच्या बर्फाच्या कारखान्यात मीठ घातलेल्या बर्फात ठेवून थंडीत चालतात का बघायचं. मग फ्लाकला कढईत. कढई कितीही धुतली तरी तळाशी थोडं गोड पाणी राहतं, आणि हवा काढली की ते कोमट असूनही उकळून उडतं. त्याचे बारीक शिंतोडे सगळ्यावर बसतात. म्हणून कढईतून काढलेला प्रत्येक खटका कोमट पाण्यानं तीनदा धुवायचा, मग स्पिरिटनं, मग कोरडा करायचा. ते काम तू मला दिलं होतंस. तुझ्या हातांना घाम येतो, माझे हात कोरडे, पुस्तकाचे, असं म्हणून.

सहाही खटके चालले. सहाही वेळा दिवा लागला. शनिवारी आपण फ्लाकहून बसनं परत आलो आणि उतरताना तू खटक्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवलास. सोमवारी सकाळी तो पोर्ट लुईच्या बोटीवर जायला हवा होता. तू सांगितलंस, "सावकाश धू, मास्तर. तुझं तेवढंच काम हाय."

सखाराम, त्या आठवड्यात मला मुंबईहून पुस्तकांचं पार्सल आलं होतं. मी शनिवारी संध्याकाळी वाचत बसलो. रविवारी सकाळी पुन्हा वाचलं. दुपारी डबा उघडला तेव्हा स्पिरिटची बाटली जवळजवळ रिकामी निघाली आणि दुकानं बंद. खटके मला स्वच्छ दिसले. मी ओल्या फडक्यानं ते वरवर पुसले, कागदात गुंडाळले, लाकडी पेटीत भुसा भरून ठेवले. एक एक करून, काळजीनं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की हा मनुष्य मोठ्या निष्ठेनं काम करतो आहे.

सोमवारी सकाळी टेबलावरून त्या पेटीपर्यंत तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती.

मी ती बघितली. पेटीच्या फटीतून त्या आत जात होत्या आणि बाहेर येत होत्या. मुंग्या कशासाठी येतात हे या बेटावरच्या कुणाला सांगावं लागत नाही. पेटी उघडून पुन्हा धुवायला तास-दीड तास लागला असता. बोट चुकली असती, तुला सांगावं लागलं असतं, शाळेत उशीर झाला असता. मी फुंकर मारली, फडक्यानं झटकलं, सुतळी बांधली आणि बसस्टॉपवर जाऊन पेटी तुझ्या हातात दिली. तू ती तान्ह्या मुलासारखी घेतलीस. मला वाटतं, त्या क्षणी मी सांगितलं असतं तर तू मला दोन शिव्या दिल्या असत्यास आणि आपण पुढच्या बोटीची वाट बघितली असती. एवढंच झालं असतं.

उत्तर यायला आठ महिने लागले. पाकीट जाड होतं, माझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं. मी ते वर्गात, मुलांना गणितं घालून, वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. त्यात तुझ्या डबीबद्दल लिहिलं होतं, आणि चांदीच्या टोकांबद्दल लिहिलं होतं, आणि त्या टोकांवर काय सापडलं तेही.

संध्याकाळी तुझ्याकडे आलो. तू हातातलं काम ठेवून, हात पुसून, स्टुलावर बसलास. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पत्र उघडलं. माझ्या मनात होतं की सांगायचं. पण तू वहिनींना म्हणालास, "बस खाली. मास्तरानं मेहनत घेतली ती पण हाय त्यात." आणि त्यानंतर माझ्यानं खरं वाचवलं नाही. मी इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत म्हणालो की एक खटका रॉकेटवर बसवला होता, छत्री उघडली नाही, पेटी समुद्रात गेली. इथपर्यंत खरं होतं. मग मी म्हणालो की वरच्या थंडीत डबी काम देत नाही.

 तू विचारलंस की बर्फात तर चालली होती, मग वर काय झालं असेल. मी म्हणालो, वरची थंडी वेगळी.

रात्रभर मी स्वतःला समजावलं की उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरळ तुझ्याकडे आलो, पत्र खिशात घेऊन. तू कानशीनं काहीतरी घासत होतास. जवळ येऊन बघितलं तर तो साचा होता. डबीच्या पत्र्यावर गोल लाटा उठवायचा पोलादी साचा, जो कोरायला तुला सव्वा वर्ष लागलं होतं, तो तू घासून सपाट केला होतास. उरलेल्या डब्या कात्रीनं कापून वाडग्यात टाकल्या होत्यास. चुकीचं समोर असलं की हात पुन्हा तेच करतात, म्हणालास. पत्र माझ्या खिशातच राहिलं.

त्यानंतर जे झालं ते मी आठ वर्षं पाहिलं आहे, म्हणून मला त्याची एकही पायरी चुकवून लिहिता येणार नाही. तू थंडीच्या मागे लागलास. पितळ सोडून दुसरा धातू घेतलास. पत्रा जाड केलास, मग पातळ केलास. सोल्डर बदललंस. दर मे महिन्यात फ्लाकला जात होतास, आणि कढईतून आलेले खटके तू आता स्वतः धूत होतास, कारण मी शाळेच्या कामाचं निमित्त काढून सोबत येणं बंद केलं होतं. तू त्याबद्दल कधी विचारलं नाहीस. कंपनीला लिही, म्हणायचास, की सखाराम थंडीवर काम करतो आहे, थांबा. मी ती पत्रं लिहिली. टपालपेटीत टाकली नाहीत. दोन वर्षांनी त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी खटका घेतल्याचं हवामान कचेरीतल्या त्या कारकुनानं सांगितलं, आणि तू म्हणालास की बरोबर आहे, त्यांचं काम थोडंच अडून राहणार.

मधे साठ सालचं मोठं सिक्लोन झालं. त्याबद्दल मला एक लिहायचं आहे, जे मी तुझे आभार मानताना कधी पुरतं बोललो नाही. वारा पहिल्यांदा पडला, सिक्लोनचा डोळा आपल्यावर आला, तेव्हा तू ढकलगाडी घेऊन माझ्या घरी आलास. माझं छप्पर अर्धं गेलं होतं. तू माझी पुस्तकं भरलीस आणि शाळेच्या दगडी इमारतीत नेऊन टाकलीस. तीन फेऱ्या केल्यास. मी नुसता गाडीमागून चाललो. तिसऱ्या फेरीनंतर वारा उलट्या दिशेनं सुरू झाला, आणि तुझ्या दुकानाचं छप्पर त्यात गेलं. काटे, भिंगं, सहा वर्षांच्या वह्या, ज्यांत तू आकड्यांऐवजी खुणा काढायचास. तू त्यातलं काही आधी हलवलं नव्हतंस. मी विचारलं का. तू म्हणालास, दुकान मी परत बांधीन, तुझी पुस्तकं कोण परत लिहील.

तू हलवलेल्या पुस्तकांत, त्या शनिवारी मी वाचत बसलो होतो ते पार्सलातलं पुस्तकही होतं. तूच ते पान पान सुटं करून वहिनींच्या चुलीच्या उबेला वाळवलंस.

मग बासष्ट साली तू सोडावॉटरच्या कारखान्यातून कार्बनचा बर्फ, म्हणजे सोड्यातला वायू गोठवून केलेला कोरडा बर्फ, मिळवलास. तो कुणाला मिळत नव्हता, तुला त्यांच्या यंत्राची झडप दुरुस्त केल्याबद्दल मिळाला. त्या थंडीपुढे मिठाचा बर्फ म्हणजे काहीच नाही. तू मला निरोप पाठवून बोलावून घेतलंस. पेटीतून धूर निघत होता, तू जाड फडक्यानं खटका आत धरला होतास. आत तुझी जुनी डबी होती. पहिल्या साच्यातली एक, वहिनींनी पत्र्यांच्या ढिगात राहिलेली शोधून दिलेली. त्या बर्फात रोवलेल्या बाटलीत तू ती ठेवलीस, सायकलचा पंप उलटा लावून हवा ओढलीस, सोडलीस. दिवा लागला. पुन्हा केलंस. पुन्हा लागला. सात-आठ वेळा.

मी दरवाज्याला धरून उभा होतो. मला वाटलं, आता याला कळलं. आता हा माझ्याकडे वळेल. आणि सखाराम, खरं लिहितो, मला त्यात सुटका वाटली.

तू वळलास. चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. म्हणालास, "चालते ही. एवढ्या थंडीत चालते. पण पत्रात तर चालत नाय असं लिवलंय. म्हणजे वरची थंडी अजून काही वेगळी असणार."

मी त्या दिव्याकडे बघत राहिलो.

"तू वाचलंस ना," तू म्हणालास, "मग खरंच असणार."

एखाद्या माणसानं आपल्या डोळ्यांपेक्षा माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवावा, असं मी काय केलं होतं? मला लिहिता-वाचता येत होतं, एवढंच. आपल्या आज्या-पणज्यांनी मळ्यावर यायच्या कराराच्या ज्या कागदांवर अंगठे उठवले त्यांवर काय लिहिलं होतं ते त्यांना वाचून दाखवणाऱ्यांनीही असंच काहीतरी केलं असेल. शाळेत मी मुलांना ती गोष्ट दरवर्षी सांगतो, आवाज चढवून सांगतो. तुझ्या दारात उभा असताना ती मला आठवली होती.

शेवटच्या वर्षात तुझी छाती भरली. डॉक्टर म्हणाले इतकी वर्षं शिशाचा धूर घेतला. इस्पितळात तुला बोलायला त्रास व्हायचा म्हणून मीच बोलायचो, शाळेचं, निवडणुकीचं, पावसाचं. जाण्याच्या चार दिवस आधी दुपारी वहिनी भात आणायला घरी गेल्या होत्या. खोलीत आपण दोघंच. तू उशी मागे करून बसलास आणि विचारलंस, "मास्तर, थंडीचं काय असंल रे?"

आठ वर्षांत तू मला याहून सरळ प्रश्न विचारला नव्हता. उत्तर चार शब्दांचं होतं. तुझ्याकडे चार दिवस होते, आणि ते तू त्या उत्तराबरोबर काढले असतेस, ते हातात घेऊन, उलटंसुलटं करून. मी म्हणालो, शोधू. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस, जसं कुणी कामाचं बोलणं संपल्यावर मिटतं.

मी भित्रा आहे हे तुला ठाऊक होतं. त्यावरून तू मला चिडवायचास. पण हे भित्रेपणही नव्हतं असं मला आता वाटतं. तू जाणार हे मला समजलं होतं, आणि मला हवं होतं की तू माझ्याबद्दल चांगलं मत घेऊन जावंस. तुझ्या डबीपेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटलं. यापुढे मला स्वतःबद्दल काही लिहायचं नाही.

तेराव्यानंतर मी वहिनींकडे गेलो. दुकान रिकामं झालं होतं. काटे ज्यांचे होते ते घेऊन गेले, बाकीचं धातूवाल्यानं पोत्यात भरून नेलं. ती एक जुनी डबी कुठे आहे विचारलं. वहिनींना माहीत नव्हतं. पोत्यात गेली असेल म्हणाल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं, मुंग्यांपासून. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या नाहीत. माझं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे डबी चांगली होती?"

होती, म्हणालो.

"मी घासलेले पत्रे चांगले होते?"

ते मला सुचलंच नव्हतं. आठ वर्षं मी फक्त तुझाच विचार केला होता. मी हो म्हणालो.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या की ते तुमच्यावर रागावले नसते, भावजी. ते उठून कामाला लागले असते. हे त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या नाहीत. जे झालं असतं ते त्यांनी सांगितलं.

मी पत्र काढलं. पूर्ण वाचून दाखवतो म्हणालो, आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत, एकही ओळ न सोडता. त्यांनी हातानं थांबवलं.

"मला नको," त्या म्हणाल्या. "ज्याचं आलंय त्याला वाचा."

म्हणून आता वाचतो. हे मी शब्दाला शब्द ठेवून आपल्या भाषेत उतरवलं आहे, आणि इंग्रजीही तुझ्या फोटोसमोर मोठ्यानं वाचलं आहे.

“महाशय, आपण पाठवलेले सहा खटके मिळाले. त्यांपैकी एक आम्ही उड्डाणात वापरला. छत्री उघडली नाही. म्हणून उरलेले पाच आम्ही थंड कोठीत तपासले. पाचही डब्या ठरलेल्या दाबाला, अत्यंत कमी तापमानातही, अचूक हलल्या. आमच्याकडच्या कोणत्याही डबीपेक्षा त्या सरस आहेत असं आमच्या तपासनिसांचं मत आहे. दोष चांदीच्या टोकांवर आहे. त्यांवर साखरेचा पातळ थर आढळला, जो थंडीत काचेसारखा कडक होतो. पेटीत मेलेल्या मुंग्याही मिळाल्या. हा थर कुठून आला असावा हे आपल्यालाच ठाऊक असेल. टोकं पुसल्यावर पाचही खटके बिनचूक चालले. आपण सहा स्वच्छ नग पाठवू शकाल तर आम्ही ते आनंदानं घेऊ. आपल्या कारागिराला आमचा नमस्कार सांगावा.”

एवढंच पत्र आहे, सखाराम. वाचायला दोन मिनिटं लागतात.